खायचा थांबलेला ससा : मंगळवार पेठेतलं एक प्रकरण

रुग्ण : पाळीव ससा, नर, पांढरा, लाल डोळ्यांचा. वय तीन वर्षांच्या आसपास, वजन 1.8 किलो. नाव पैलवान. राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर. तक्रार : आदल्या दुपारपासून खाणं बंद, रात्रीपासून लेंडी नाही. आणला तो दिवस अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाचा, सकाळचा.

सशाचं पोट बंद पडलं की घरचे पोटाचं औषध मागतात, आणि आम्हा डॉक्टरांचा हातही आधी पोटाच्याच औषधाकडे जातो. खरं म्हणजे सशाचं पोट सहसा आपणहून बंद पडत नाही. कुठेतरी दुखत असतं, कशाची तरी धास्ती बसलेली असते किंवा खाण्यात गडबड झालेली असते, आणि मग पोट थांबतं. पैलवानच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकावर एक चढल्या होत्या. त्यातली सगळ्यात जुनी गोष्ट सगळ्यात शेवटी हाती लागली, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. घरच्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

आल्यावर काय कळलं

मिरवणूक अजून संपलेली नव्हती. रस्ते बंद, रिक्षा मिळेना, म्हणून आज्जी आणि त्यांची नात टोपली घेऊन गल्लीबोळातून चालत राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यापर्यंत आल्या. टोपली टेबलावर टेकायच्या आत आज्जींनी सुरुवात केली. "काल दुपारपासनं तोंडात कायबी घेतलं न्हाई बघा डॉक्टर. गाजर म्हंजे जीव की प्राण, त्येच्याकडंबी बघंना झालाय."

नातीने एक काम फार चांगलं केलं होतं. रात्री पिंजऱ्याचा तळ बघून तिने मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. शेवटच्या लेंड्या नेहमीच्या निम्म्या आकाराच्या, काळपट, कोरड्या, आणि काही लेंड्या केसाच्या धाग्यात ओवल्यासारख्या एकमेकींना जोडलेल्या. खाणं आदल्या दुपारी थांबलं असलं तरी आतड्याची चाल त्याच्या दोन-तीन दिवस आधीपासूनच मंदावली होती, हे त्या एका फोटोतून कळलं. सशाच्या बाबतीत मी लोकांना पहिला प्रश्न लेंडीचाच विचारतो. किती, केवढी, ओली की सुकी, गोल की वेडीवाकडी. लोकांना आधी हसू येतं, मग ते सांगायला लागतात.

खाण्याचा हिशेब काढायला जरा वेळ गेला. पावसाळाभर ओली वैरण नको म्हणून गवत जवळजवळ बंदच होतं. वाटीभर पेलेट, म्हणजे विकत मिळणाऱ्या खाद्याच्या दाबलेल्या गोळ्या, कायम भरलेले. गौरी-गणपतीला घरात पाहुण्यांचा राबता, आणि पोरांना ससा म्हणजे खेळणं. कुणी चुरमुरे दिले, कुणी गूळ-खोबरं, कुणी मोदकाची पारी. गाजर तर रोजचंच. घरचा गणपती गौरीबरोबर गेला, पण चुरमुऱ्यांचा डबा पिंजऱ्याशेजारीच राहिला. मग चतुर्दशीला सकाळपासून डॉल्बी. यांचं घर मिरवणुकीच्या वाटेवरच्या मिरजकर तिकटी चौकापासून फार लांब नाही. खिडकीची तावदानं थरथरत होती आणि पैलवान कॉटखाली भिंतीला पाठ लावून बसला होता. तिथून तो बाहेर आलाच नाही.

घरगुती उपाय झाले होतेच. ओल्या हिंगाचा लेप पोटाला, आणि चमचाभर ग्राइप वॉटर. लेपाने बिघडलं काहीच नाही, फक्त सशाला वास येत होता. ग्राइप वॉटरबद्दल मी आज्जींना एवढंच म्हणालो की गोड पाण्याने याचं पोट हलायचं नाही.

तपासणी

पैलवान पाठीला कुबड काढून बसला होता. डोळे अर्धे मिटलेले. कान लावून ऐकलं तर दात करकरा वाजत होते. कुरवाळल्यावर ससा दात हलकेच घासतो ते सुखाचं असतं. हा आवाज वेगळा, मोठा आणि थांबून थांबून येणारा. तो दुखण्याचा.

गुदद्वारातून तापमान घेतलं, 100 फॅरेनहाइट. नात म्हणाली, "म्हणजे थोडा ताप आहे ना?" माणसाच्या हिशेबाने तिचं बरोबर होतं. पण सशाचं नेहमीचं तापमान साधारण 101.3 ते 104 फॅरेनहाइट असतं. 100 म्हणजे अंग गार पडायला लागलंय. आजारी सशात अंगातली ऊब उतरणं हे वाईट लक्षण, आणि ज्याचं अंग जास्त गार तो वाचण्याची शक्यता कमी. म्हणून त्या टेबलावरचा पहिला उपचार औषधाचा नव्हताच. टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी त्याच्या एका कुशीला ठेवली. दोन्ही बाजूंना ठेवली नाही, कारण नकोसं झालं तर सशाला सरकायला जागा हवी.

पोटाला स्टेथोस्कोप लावला. चांगल्या सशाच्या पोटात सतत काहीतरी गुडगुडत असतं. इथे बराच वेळ शांतता, मग एखादा वायूचा टणत्कार. हाताला जठर लागत होतं, मऊ पण घट्टसर, दाबलं तर खड्डा तसाच राहणारं. ताणलेलं, ढोलासारखं टणक मात्र नव्हतं. कातडी उचलून सोडली तर सावकाश बसत होती. पाणी कमी पडलेलं होतं.

आता खरा प्रश्न. चाल मंदावलीय, की कुठे अडकलंय? बाहेरून दोन्ही ससे सारखेच दिसतात, खात नाहीत आणि हगत नाहीत. पण उपचार एकमेकांच्या उलटे. चाल मंदावली असेल तर पोटात अन्न घालायचं आणि आतडं हलवणारं औषध द्यायचं. केसांच्या घट्ट गोळीने लहान आतडं तुंबलं असेल तर त्याच दोन गोष्टींनी ससा मरू शकतो, कारण सशाला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाशी स्नायूंची इतकी पक्की मिठी असते की आत गेलेलं वर येत नाही. पुढचा रस्ता बंद असताना वरून भरत राहिलं तर जठर फुगत जातं.

हे ओळखायला दोन गोष्टींची मदत होते. एक म्हणजे रक्तातली साखर, जी मधुमेहाच्या साध्या मशीनवर कानाच्या शिरेतल्या थेंबाने बघता येते. आतडं पूर्ण तुंबलेल्या सशात ती बरेचदा 360 मिलिग्रॅमच्या वर गेलेली सापडते. पैलवानची 168 आली, म्हणजे घाबरल्यामुळे थोडी चढलेली, एवढंच. दुसरा एक्स-रे. त्यात जठरात सुकत चाललेल्या अन्नाचा गोळा आणि त्याच्याभोवती वायूचं कडं दिसलं. सीकम नावाच्या आतड्याच्या पिशवीतही वायू होता. पाण्याने आणि हवेने तट्ट फुगलेलं जठर नव्हतं. म्हणजे रस्ता मोकळा होता, वाहतूक थांबलेली.

जठरातल्या त्या गोळ्यात केस होतेच. पण केस खाल्ले म्हणून पोट बंद पडलं, ही समजूत आता मागे पडली आहे. ससा दिवसभर अंग चाटतो, त्यामुळे धडधाकट सशाच्या जठरातही केस असतातच, आणि ते अन्नाबरोबर पुढे सरकत राहतात. चाल थांबली, पाणी आटलं, की तेच केस आणि अन्न मिळून घट्ट गोळा होतो. पपईच्या किंवा अननसाच्या रसाने तो गोळा विरघळतो असं अजूनही सांगितलं जातं. त्या फळांतल्या पाचकांना केस विरघळवता येत नाहीत. रसातली साखर मात्र पोटात नक्की जाते.

हे पोट चालतं कसं

उपचार कळायला हे थोडं समजून घ्यावं लागतं. सशाचं जठर कधीच रिकामं नसतं. गाय-म्हैस वैरण जठराच्या कप्प्यात आंबवते, ससा ती शेवटाकडे आंबवतो, सीकममध्ये. सीकम ही लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची आंधळी पिशवी. सशात ती जठराच्या कित्येक पट मोठी असते आणि पोटाची बरीचशी जागा तीच व्यापते. मोठं आतडं सुपासारखं पाखडायचं काम करतं. गवताचे लांब, न पचणारे धागे पुढे ढकलले जातात आणि त्यांच्या कोरड्या गोल लेंड्या होतात. बारीक कण मात्र उलटे मागे, सीकममध्ये जातात. तिथे जिवाणू त्यांच्यावर काम करतात, आणि दिवसातून एकदा-दोनदा, बहुधा पहाटे किंवा रात्री, मऊ, चकाकणाऱ्या, चिकट लेंड्यांचा घोस तयार होतो. ससा तो तोंड लावून थेट खातो. त्यात प्रथिनं असतात, ब गटातली जीवनसत्त्वं असतात. घाण म्हणून त्याला हाकलणारे लोक मी पाहिलेत. तो त्याच्या जेवणाचाच भाग आहे.

ते लांब धागे पचत नाहीत, पण सगळं आतडं हलतं ठेवतात ते तेच. गवत कमी झालं की आतड्याला ढकलायला काही उरत नाही. वर चुरमुरे, गूळ, मोदक म्हणजे पिष्ट आणि साखर, ते जाऊन सीकममधल्या नको त्या जिवाणूंना खाद्य मिळतं, वायू धरतो, दुखतं. दुखलं की ससा खात नाही. खाल्लं नाही की आतडं आणखी मंदावतं. आवाजाची धास्ती याच्यात भर घालते, कारण घाबरलेल्या प्राण्याचं शरीर आतड्याचं काम आधी थांबवतं. तो कॉटखाली बसला होता तेव्हा हे सगळं आत चालू होतं.

आणि हे चक्र लवकर तोडावं लागतं. कुत्रा एखाद-दोन दिवस जेवला नाही तर आपण वाट बघू शकतो. ससा बारा तास काही न खाता राहिला तर मी ते तातडीचं धरतो. उपाशी सशाच्या यकृतात चरबी साठू लागते, आणि गाजर-पेलेटवर पोसलेल्या गुबगुबीत सशात हे जास्त लवकर होतं.

उपचार

ऊब देऊन तापमान 101 च्या वर आल्यावर पुढचं सुरू केलं. खांद्यावरच्या सैल कातडीखाली कोमट केलेलं रिंगर लॅक्टेटचं सलाइन, पहिल्या वेळी 70 मिलीच्या आसपास. सशाला दिवसाला किलोमागे साधारण 100 मिली पाणी लागतं, हा हिशेब धरून उरलेलं दिवसभरात वाटून.

दुखणं थांबवायला मेलॉक्सिकॅम. सशाला ते कुत्र्यापेक्षा किलोमागे बरंच जास्त लागतं, म्हणून कुत्र्याची मात्रा बघून सशाला घरी देऊन चालत नाही, कमी पडते आणि दुखत राहतं. अंगात पाणी भरायच्या आधी दिलं तर मूत्रपिंडाला जड जातं, म्हणून क्रमही महत्त्वाचा. माझ्या मते या आजारात वेदनाशामक हेच मुख्य औषध आहे. आतडं हलवायला मेटोक्लोप्रामाइड दिलं, पण एक्स-रे बघितल्यावरच. बाळांच्या वायूचे सिमेथिकोनचे थेंब नातीने विचारले. अपाय नाही, पण त्यांच्या भरवशावर बसू नये.

अँटिबायोटिक दिलं नाही. शेजारच्या कुणीतरी लहान मुलाचं अमॉक्सिसिलिनचं सिरप देऊ केलं होतं, "पोटात इन्फेक्शन झालं असंल" म्हणून. आज्जींनी ते पिशवीतून आणलं होतं, विचारून मगच द्यायचं म्हणून. हे त्यांचं शहाणपण. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं आणि क्लिंडामायसिन सशाला तोंडावाटे दिली की सीकममधले उपयोगी जिवाणू मरतात, क्लोस्ट्रिडियम जातीचे माजतात आणि त्यांच्या विषाने ससा जातो. माणसाच्या बाळाला चालतं ते सशाला चालेलच असं नाही, आणि या एका औषधाच्या बाबतीत तर ते जिवावर बेततं.

संध्याकाळपर्यंत त्याला ठेवून घेतलं. रस्ते मोकळे झाल्यावर घरी पाठवलं, कारण सशाला कुत्र्यांच्या भुंकण्याजवळ पिंजऱ्यात ठेवणं म्हणजे दुसरी मिरवणूकच.

घरची शुश्रूषा

खरं काम इथून पुढे घरच्यांनी केलं. सशाच्या पोटाच्या आजारात दवाखान्यातला तासाभराचा उपचार रस्ता उघडतो, चालवायचं घरी असतं.

खाणं. परदेशात आजारी सशांसाठी तयार तंतुमय भुकटी मिळते. इथे ती पटकन हाती लागेलच असं नाही, म्हणून आम्ही घरातच केलं. साधे गवताचे पेलेट कोमट पाण्यात भिजवायचे, सुकं गवत मिक्सरला अगदी बारीक करून त्यात मिसळायचं, आणि सिरिंजमधून सरकेल इतकं पातळ करायचं. गवताचे धागे सिरिंजच्या टोकाला अडकतात, म्हणून टोक थोडं कापून कडा घासून गुळगुळीत केल्या. दिवसाला किलोमागे 50 मिलीपर्यंत, म्हणजे पैलवानला 90 मिलीच्या आसपास, चार-पाच वेळात वाटून. पहिल्या वेळी एवढंसंच, पोट कसं घेतंय ते बघत.

आज्जींना नाचणीचं सत्त्व द्यायचं होतं. घरातल्या प्रत्येक आजाऱ्याला त्यांनी तेच दिलंय आणि सगळे बरे झालेत. मला त्यांना समजवावं लागलं की सत्त्व म्हणजे सगळं पिष्ट, यात धागा नाही, आणि याला धागाच हवाय. "मग पेज?" तीही नाही. "ताक?" नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हंजे म्हशीला घालतो तेच ह्याला घालायचं, असं सांगा की." अगदी तेच.

धरणं. ससा दुबळा वाटतो, पण मागच्या पायांत फार जोर असतो, आणि पकडीत असताना त्याने झटका मारला तर त्याचीच पाठ मोडू शकते. कानाला धरून उचलणं तर नाहीच. टॉवेलात चारही बाजूंनी गुंडाळून, बूड मांडीला टेकवून धरायचं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. सिरिंजचं टोक बाजूने तिथे सरकवायचं आणि अर्धा-एक मिली सोडून चावायला वेळ द्यायचा. समोरून घशात पिचकारी मारली तर अन्न फुप्फुसात जातं, आणि आडवं पाडून पाजणंही त्याच कारणासाठी नाही.

पाणी बाटलीतून थेंब थेंब चोखण्यापेक्षा सपाट जड वाडग्यात ठेवायचं. ससे वाडग्यातून जास्त पितात. कोथिंबीर धुऊन, तशीच ओली ठेवायची. नातीने पहिल्याच दिवशी एक नामी युक्ती काढली. गणपतीच्या पुडीतल्या उरलेल्या दूर्वा तिने वाडग्याशेजारी ठेवल्या. दूर्वा म्हणजे हरळी, आणि सशाला हरळी उत्तम. रात्री कधीतरी पैलवानने त्यातल्या दोन काड्या ओढून खाल्ल्या. तिचा मेसेज आला, "डॉक्टर, मी बघितलो, खाल्ला त्यानं."

चालणं. पिंजऱ्यात बसवून ठेवायचं नाही. खोलीत सोडायचं, थोडं फिरू द्यायचं. हिंडण्याने आतडं हलतं. पोट चोळायला लोक फार उत्सुक असतात. दुखणाऱ्या पोटावर जोर देण्यापेक्षा मी चालायला लावणं पसंत करतो.

आणि लेंड्या. जमिनीवर जुना पेपर अंथरून त्यावर येतील त्या मोजायच्या, फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या काही आल्या. बारीक, वाकड्या, थोडा शेंबूड लागलेल्या. घरच्यांना वाटलं काहीतरी बिघडलं. मला हायसं वाटलं, कारण थांबलेलं आतडं सुरू होताना असंच येतं. पुढच्या दोन दिवसांत आकार वाढत गेला, आणि मग एका सकाळी पैलवानने सिरिंज दातांनी धरून लांब फेकली. त्याच्याच मर्जीने तो पहिला कोर्स संपला.

एक गोष्ट मात्र राहिली होती. पहिल्याच दिवशी मी कानाच्या तपासणीच्या नळीने त्याच्या तोंडात डोकावलो होतो. डाव्या खालच्या दाढेची कड जिभेच्या बाजूला किंचित टोकदार वाटली. जाग्या सशाचं तोंड नीट उघडत नाही, जीभ आणि गाल मध्ये येतात, आणि जे दिसतं त्याहून न दिसणारं जास्त असतं. पूर्ण बघायचं तर भूल लागते. गार पडलेल्या, पाणी आटलेल्या सशाला त्या दिवशी भूल द्यायची नाही हे ठरलं, आणि सावरल्यावर तोंड बघू म्हणून पंधरवड्याने बोलावलं. ते आले नाहीत. बरा झालेला, उड्या मारणारा ससा पुन्हा टोपलीत कोंबायला कुणाचा हात उचलत नाही. त्यात खर्चही. सशाच्या किमतीच्या कित्येक पट पैसे औषधाला गेले म्हणून घरातल्या पुरुषमंडळींनी चेष्टा सुरू केली होतीच.

दसऱ्यानंतर

दसरा होऊन थोडे दिवस झाले आणि दोघी पुन्हा आल्या. या वेळी मिरवणूक नव्हती, चुरमुरे बंद होते, गवत सुरू होतं. तरीही लेंड्या बारीक झालेल्या.

आज्जींचं निरीक्षण इथे कामी आलं. "कोथमीर खातोय. गवत तोंडात घेतोय आन् टाकतोय. जणू जीभ पोळलीय." शिवाय हनुवटीखालचे केस ओले, चिकट. म्हणजे लाळ गळतेय. भूक आहे पण चावता येत नाही, हे चित्र स्पष्ट झालं. पोट पूर्ण बंद पडायच्या आत आले होते, अंगात ऊब होती, म्हणून दोन दिवस वेदनाशामक आणि सिरिंजने खाणं देऊन त्याला प्रवासाजोगा केला.

सशाच्या तोंडात 28 दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला दोन मिलिमीटरहून जास्त वाढू शकतात. ती वाढ झिजते फक्त चावण्याने, आणि चावण्याचीही एक पद्धत लागते. गवत चावताना ससा जबडा आडवा, डावी-उजवीकडे फिरवतो, त्यात दाढा सर्व बाजूंनी एकसारख्या घासल्या जातात. पेलेट आणि चुरमुरे तो वर-खाली चिरडतो. तीन वर्षं वाटीभर पेलेटवर काढलेल्या सशाच्या दाढांच्या न घासलेल्या कडा वाढून काटे होतात. वरच्या दाढांचे काटे गालात, खालच्यांचे जिभेत टोचतात. गणपतीतला आजार डॉल्बीने आणि गुळाने बाहेर काढला, पण जिभेत टोचणारा काटा त्याच्या कितीतरी आधीचा असणार.

सशाच्या दाढांचं काम करायला तोंड उघडं धरणारी खास चौकट, गाल बाजूला करणारी चिमटी आणि बारीक घासणी लागते. माझ्याकडे कुत्र्या-मांजरांची हत्यारं आहेत, ती इथे चालत नाहीत. पुण्यात सशांचं काम नेहमी करणारे एक सहकारी आहेत, त्यांच्याकडे पाठवलं. कोल्हापूर ते पुणे सुमारे 230 किलोमीटर, महामार्गाचं काम चालू असलं की वेळेचा भरवसा नाही. सशाला ऊन सोसत नाही, 28-30 अंशांच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात. म्हणून पहाटे निघायचं, टोपलीत भरपूर गवत, वर ओलसर फडकं, आणि गाडीत गाणी नाहीत.

निघताना नातीचे वडील म्हणाले, "ऑपरेशन आहे तर रात्रीपासून उपाशी ठेवलंय." नशिबाने फोन केला होता. कुत्र्याला आणि माणसाला भुलेआधी उपाशी ठेवतात ते उलटीच्या भीतीने. सशाला उलटी होत नाही, आणि उपाशी ठेवलं तर जो आजार बरा करायला निघालोय तोच पुन्हा सुरू होतो. ताबडतोब गवत द्या म्हटलं. भूल द्यायच्या जरा आधी काढून घ्यायचं ते फक्त तोंडात घास राहू नये म्हणून.

भूल दिल्यावर दोन्ही बाजूंच्या खालच्या दाढांना काटे सापडले, डावीकडच्याने जिभेच्या कडेला व्रण पाडलेला. वरच्या डाव्या दाढेचाही एक काटा गालाला लागत होता. घासून पातळी सारखी केली. मुळाशी पू नव्हता, आणि ही समाधानाची गोष्ट, कारण मुळं बिघडलेल्या सशाला पुढे बरं वाटणं फार अवघड. त्याच दिवशी संध्याकाळी परत. रात्रभर ऊब, वेदनाशामक, सिरिंज. दुसऱ्या दिवशी त्याने कोथिंबीर घेतली, तिसऱ्या दिवशी गवत, आणि या वेळी टाकलं नाही.

गवत कुठून

आता आहाराचं. मोठ्या सशाच्या ताटात ऐंशी टक्क्यांच्या आसपास गवत हवं, उरलेल्यात पालेभाजी आणि चमचा-दीड चमचा पेलेट. गाजर म्हणजे मिठाई. दुकानात परदेशी टिमोथी गवताची पाकिटं मिळतात आणि त्यांची किंमत बघून लोक सशाला पुन्हा पेलेटवर आणतात. म्हशींच्या जिल्ह्यात राहून गवतासाठी पाकीट फोडावं लागू नये, असं माझं मत.

पण कोल्हापुरात जे हाताशी येतं ते सगळं चालत नाही. उसाचं वाडं कडक आणि धारदार, सशाला रोजचं म्हणून नको. भाताचं पिंजर अंथरायला ठीक, खायला निःसत्त्व. लसूणघास वाढत्या पिल्लाला चालतो. मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं आणि लघवीत गाळ धरतो. उसाच्या बांधावरचं हिरवं गवत दिसायला छान, पण त्यावर तणनाशक मारलंय का हे विचारल्याशिवाय आणू नये.

सगळ्यात चांगलं मिळतं ते पावसाळा सरल्यावर पन्हाळा-शाहूवाडीकडच्या डोंगरउतारावरचं कापून वाळवलेलं गवत. फक्त त्यात कुसळी गवत असतं. त्याची कुसळं तोंडात, डोळ्यात, कातडीत रुततात. म्हणून पेंढी सोडून हाताने निवडायची, कुसळं असलेली ताटं काढून टाकायची. आज्जींच्या माहेरच्या बाजूने दिवाळीनंतर असं गवत येतं आणि ते निवडायचं काम त्या स्वतः करतात, टीव्हीसमोर बसून. पावसाळ्यासाठी त्यांनी पोत्यात भरून माळ्यावर ठेवलं. मी त्यांना पोत्याचं तोंड मोकळं ठेवायला आणि ऊन पडेल त्या दिवशी गच्चीवर पसरायला सांगितलं, कारण कोल्हापूरच्या जुलैत बंद पोत्यातल्या गवताला बुरशी धरते. बुरशीचा कुबट वास आला की ते गवत सशाला नाही, आणि म्हशीलाही नाही.

अनंत चतुर्दशीला पैलवानला आता उजळाईवाडीच्या मावशीकडे नेतात, आदल्या दिवशीच, त्याच्या टोपलीसह आणि त्याच्या गवतासह. चुरमुऱ्यांचा डबा स्वयंपाकघरात गेला. पिंजऱ्यावर नातीने "काही देऊ नये" अशी पाटी लावली आहे, तरी एक काका अजून गुळाचा खडा पुढे करतातच.

दाढा मात्र पूर्ववत झालेल्या नाहीत, होणारही नाहीत. एकदा वाकड्या झिजू लागलेल्या दाढा गवताने सावकाश काटे धरतात, पण धरतात. म्हणून दर काही महिन्यांनी तो तोंड दाखवायला येतो. वजन करतो, हनुवटीखाली हात फिरवून केस ओले आहेत का बघतो, नळीने डोकावतो. गेल्या तपासणीत वजन 1.9 किलो भरलं आणि डाव्या खालच्या दाढेची कड पुन्हा किंचित वर आलेली दिसली. अजून टोचत नाहीये. गवत टाकतोय असं आज्जींना वाटलं की थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं, आणि पुण्याची वेळ पोट बंद पडायच्या आधी घ्यायची, असं ठरलंय.